डे राइप : पाण्याखालच्या जमिनीशेजारचे गाव

नेदरलँड्सला येणाऱ्या पाहुण्यांना कुठे न्यायचे, हे अ‍ॅमस्टरडॅमलगतच्या आम्स्टलफेनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत जवळजवळ ठरलेले असते. एप्रिलमध्ये ट्यूलिपच्या बागा, मग पवनचक्क्यांचे एखादे नटवलेले खेडे, वेळ उरला तर होडीतून फिरायचे खीटहोर्न. माझे बाबा मात्र अलिबागकडचे. त्यांची सगळी नोकरी खारभूमीच्या कामांत, बांध आणि उघाड्या (पाणी सोडण्याची दारे) यांच्या सोबतीने गेली. येण्यापूर्वीच त्यांनी नकाशावर एक गाव हेरून ठेवले होते आणि त्या गावाचे नाव मी इतकी वर्षे इथे राहूनही कधी ऐकले नव्हते. डे राइप हे अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेले छोटे गाव. आज ते प्रशासकीयदृष्ट्या आल्कमार शहराच्या नगरपालिकेत मोडते. सतराव्या शतकात ज्याच्या नावावर तळी उपसून जमीन काढण्याची कीर्ती जमा झाली, तो यान आड्रियान्सझोन लेखवाटर याच गावात १५७५ साली जन्मला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेरीस आम्ही तिथे राहून आलो.

शुक्रवार : हेरिंगच्या पैशाचे गाव

प्युर्मरेंडहून बस निघाली की रस्ता अगदी सरळ रेषेत धावू लागतो, आणि गावाजवळ आल्यावर बस एक चढ चढते. या सपाट देशात चढ आला की समजावे, आपण बांधावर आलो आहोत. डे राइप हे जुन्या जमिनीवरचे गाव आहे. शेजारची विस्तीर्ण बेमस्टर ही चारशे वर्षांपूर्वी तळ्याच्या तळातून काढलेली जमीन आणि ती गावापेक्षा कितीतरी खाली आहे. बसमधून उतरताच बाबा सामान माझ्या हाती देऊन बांधाच्या कडेला जाऊन उभे राहिले. डावीकडे कालव्यात होडी चाललेली होती आणि उजवीकडे गायी चरत होत्या, आणि गायी होडीच्या बऱ्याच खाली होत्या.

आमची खोली एका जुन्या घराच्या माळ्यावर होती. घरमालकीण सत्तरीच्या आसपासच्या, बोलायला मोकळ्या. बाबांनी बांधांचे काम केले आहे हे कळल्यावर त्यांनी चहाऐवजी आधी पाणीकराची पावती आणून दाखवली. नेदरलँड्समध्ये बांध, कालवे आणि पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या जलमंडळांची परंपरा मध्ययुगापासूनची आहे, म्हणजे आजच्या डच राज्यापेक्षाही जुनी. त्यांची स्वतंत्र निवडणूक होते आणि प्रत्येक घराकडून ती स्वतंत्र कर घेतात. “आमच्याकडे जोळ असायचे, बांध फुटला की गावाने मिळून बांधायचा,” असे बाबा म्हणाले आणि मी ते त्यांना इंग्रजीत सांगितले. त्यावर बाई म्हणाल्या, “आमच्याकडेही तसेच होते. पुढे आम्ही सगळ्यांनी पैसे द्यायचे आणि काम दुसऱ्याने करायचे, असे ठरले.” डच इतिहासाचा एवढा नेमका सारांश मला त्यानंतर कुठल्या फलकावर वाचायला मिळाला नाही.

दुपारी गावातून चालत निघालो. मुख्य रस्ता अर्ध्या तासात संपतो, पण तो तेवढ्या वेळात पाहून होत नाही. विटांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या दर्शनी भिंती, त्यांच्या शेजारी हिरव्या रंगाच्या लाकडी भिंती, मध्ये अरुंद कालवे आणि त्यांवर पांढरे पूल. लाकडाची घरे ही इथली हौस नव्हती. खालची जमीन भुसभुशीत पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची असल्याने हलके बांधकाम करणेच शहाणपणाचे होते. गावाच्या मध्यभागी १६३० साली बांधलेले नगरभवन आहे. त्याचा आराखडा लेखवाटरचाच. खाली मालाचे वजन करायचा काटा आणि वर गावाच्या कारभाऱ्यांची सभा, अशी त्याची रचना आहे. दोन बाजूंनी चढणारा दगडी जिना अजून भक्कम आहे आणि आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पायऱ्यांवर शाळेची मुले आइस्क्रीम खात बसली होती.

गावाच्या चिन्हात दोन हेरिंग मासे आहेत आणि ते तिथे असण्याला कारण आहे. समुद्र आज कित्येक किलोमीटर दूर असला, तरी सोळाव्या-सतराव्या शतकांत या गावाच्या होड्या उत्तर समुद्रात हेरिंग पकडायला जात. हेरिंग टिकवायची डच पद्धत अशी, की पकडल्याबरोबर जहाजावरच त्याचे कल्ले आणि आतडी काढायची, पण स्वादुपिंड आत राहू द्यायचे. त्यातल्या पाचक रसांनी आणि मिठाने मासा पिंपात मुरतो आणि टिकतो. त्यामुळे होड्यांना आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहता आले आणि पिंपे भरून परदेशी विकता आली. जाळी आणि दोर यांना अंबाडीसारख्या धाग्याचे हेम्प लागे. ते कुटून, विंचरून तयार करण्याचा धंदा गावात वाढला. पुढे याच गावाने व्हेलच्या शिकारीसाठी उत्तर ध्रुवाकडे जहाजे पाठवली. अठराव्या शतकात हे सगळे ओसरत गेले, आणि गावाकडे नवे पाडून नवे बांधण्याइतके पैसे उरले नाहीत. आज आपण ज्या जुनेपणाचे कौतुक करतो तो बराचसा या ओहोटीचाच परिणाम आहे, असे मला वाटते.

लाकडी घरात थाटलेल्या, त्याच नावाच्या छोट्या संग्रहालयात एका स्वयंसेवक आजोबांनी आम्हाला तासभर दिला. लेखवाटर हा कल्पक माणूस होता. १६०५ साली त्याने राजपुत्र मॉरिट्ससमोर पाण्याखाली राहण्याचा प्रयोग केला आणि खाली बसून नाशपाती खाल्ली, अशी आख्यायिका आजोबांनी रंगवून सांगितली. लगेच पुढे ते म्हणाले, “पण बेमस्टर एकट्या लेखवाटरने उपसली, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तो पवनचक्क्या बांधणारा कारागीर होता, आणि तसे आणखी होते. त्याने म्हातारपणी पुस्तक लिहिले, म्हणून नाव त्याचे उरले.” आपल्या गावाच्या सर्वांत प्रसिद्ध माणसाबद्दल इतके मोजूनमापून बोलणारा मार्गदर्शक मिळणे, ही मला त्या दिवसातली मोठी कमाई वाटली.

रात्रीच्या जेवणाला पांढरा अ‍ॅस्परॅगस होता. एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत त्याचा हंगाम असतो आणि त्या काळात डच लोक एरवीच्या काटकसरीला रजा देतात. उकडलेली अंडी, बटाटे आणि वितळलेले लोणी यांच्यासोबत तो वाढतात. हॅम नको असल्यास आधी सांगावे. शाकाहारी माणसाचेही चांगले जेवण होते. बाबांनी कांदा घातलेली कच्ची हेरिंग मागितली, तेव्हा माशाच्या गाडीवरच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, की आता मिळते ती मागच्या हंगामातली गोठवलेली आहे, खरी नवी हेरिंग जूनच्या मध्याला येते. बाबांनी तरीही खाल्ली आणि दुसरी मागितली.

काही उपयोगी गोष्टी

डे राइपला रेल्वे नाही. प्युर्मरेंड किंवा आल्कमारहून बसने यावे. बसमध्ये आपले बँकेचे संपर्कविरहित कार्ड चढताना आणि उतरताना यंत्राला लावले की पुरते. उतरताना लावायचे विसरलात, तर जास्त पैसे कापले जातात. राहण्याच्या जागा थोड्या आहेत आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत त्या लवकर भरतात. संग्रहालय आणि चर्च रोज उघडी नसतात, बहुतेक वेळा फक्त दुपारी आणि उन्हाळी महिन्यांतच उघडतात, म्हणून वेळा आधी पाहाव्यात आणि शक्यतो शनिवार-रविवार धरून यावे.

शनिवार : सायकलवरून तळ्याच्या तळाशी

सकाळी सायकली भाड्याने घेतल्या. वयाच्या मानाने बाबांचा सायकलीचा सराव चांगला आहे, तरी मी त्यांच्यासाठी विजेवर चालणारी घेतली, आणि परतीच्या वाटेवर तीच माझ्याकडे असती तर बरे झाले असते, असे मला वाटत राहिले. कालव्यावरचा पूल ओलांडून बांध उतरलो, की आपण बेमस्टरमध्ये असतो. समुद्रसपाटीपासून सरासरी साडेतीन मीटर खाली. उतार लहानसा, काही सेकंदांचा. पण पुढचे चार तास आपण पाण्याच्या पातळीखाली फिरत आहोत, हे डोक्यातून जात नाही.

इथे एके काळी मोठे तळे होते आणि वादळात ते काठ खात सुटे. १६०७ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या धनिकांनी ते उपसण्याची परवानगी मिळवली. त्यांत डच ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक डिर्क फान ओस पुढे होता, आणि गुंतवणूकदारांच्या यादीत त्या काळचा सर्वांत प्रभावी राजकारणी योहान फान ओल्डनबार्नेवेल्ट याचेही नाव होते. शंभराहून अधिक जणांनी पैसे घातले. आधी तळ्याभोवती बांध आणि त्याबाहेर कालवा केला, मग चाळीसहून अधिक पवनचक्क्या लावून आतले पाणी त्या कालव्यात उचलले. एक चक्की पाणी फार उंच उचलू शकत नाही, म्हणून त्या एकामागे एक, टप्प्याटप्प्याने बसवल्या. काम संपत आले असता १६१० च्या जानेवारीत समुद्राच्या बाजूचे बांध फुटले आणि तळे पुन्हा भरले. गुंतवणूकदारांनी बांध आणखी उंच केला आणि काम नव्याने सुरू केले. १६१२ च्या मे महिन्यात जमीन कोरडी झाली आणि सुमारे ७,००० हेक्टरांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करण्यात आले.

बाबांना यातला अभियांत्रिकीचा भाग फारसा नवा नव्हता. त्यांना थक्क केले ते वाटपाने. आमच्याकडच्या खारजमिनी शेतकऱ्यांनी खाडीच्या तोंडाशी, भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात, पिढ्यान् पिढ्या तुकड्यातुकड्याने अडवल्या. ओहोटीला उघाडीतून पाणी आपोआप बाहेर जाते आणि तिथे भात होतो. सरकारचा कायदा १९४८ साली, त्यानंतर दुसरा १९७९ साली आला. इथे मात्र आधी भागभांडवल उभे राहिले, मग कागदावर चौकोन आखले गेले आणि शेतकरी सर्वांत शेवटी आला. त्यांनी सायकल थांबवून एका चौकात उभे राहून चारही दिशांना पाहिले. चारही रस्ते काटकोनात, नजर पोहोचेल तिथवर सरळ, दोन्ही बाजूंना झाडांची रांग. युनेस्कोने १९९९ साली बेमस्टरला जागतिक वारसा ठरवले ते या आखणीसाठी. मला स्वतःला पहिला तासभर तिचे फार अप्रूप वाटले आणि दुसऱ्या तासात थोडा कंटाळा आला, हे नोंदवून ठेवते. वळण नसलेल्या रस्त्यावर वारा समोरून आला, की सौंदर्यशास्त्र मागे पडते.

रस्त्याच्या कडेला पिरॅमिडसारख्या छपरांची प्रचंड शेतघरे दिसतात. एकाच छपराखाली माणसे, गायी आणि मधोमध छतापर्यंत रचलेले गवत, अशी त्यांची मूळ मांडणी. व्यापाऱ्यांनी पैसे घातले होते ते धान्याच्या आशेने. पण जमीन ओलसर राहिली आणि हळूहळू शेतीची जागा कुरणांनी घेतली. बेमस्टर हे नाव आज जगभर चीजमुळे ओळखले जाते, त्याचे मूळ या फसलेल्या अंदाजात आहे. एका शेतघराच्या अंगणातल्या दुकानात आम्ही वर्षभर मुरलेले चीज चाखले. त्यातले कणीदार स्फटिक दाताखाली येतात, ते मिठाचे नसून मुरताना तयार झालेले असतात, असे शेतकरीणबाईंनी समजावले. बाबांनी त्यांना गायींचे दूध, चारा, गवताची कापणी याविषयी इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्यांनी आम्हाला गोठ्यात नेले. गायी आपापल्या वेळेला स्वतः चालत यंत्रापाशी येऊन दूध देत होत्या. बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

मिडन-बेमस्टर हे या आखणीच्या मध्यावरचे गाव. तिथल्या चर्चचा आराखडा हेंड्रिक डे कायझर या अ‍ॅमस्टरडॅमच्या वास्तुकाराचा. जमीन कोरडी होऊन दहा वर्षे झाली होती तेव्हा, १६२२ साली, या गावात एका शिक्षकाच्या घरी चित्रकार कारेल फाब्रित्सियस जन्मला. तो पुढे रेम्ब्रांटचा शिष्य झाला आणि १६५४ साली डेल्फ्टमधील दारूगोळ्याच्या स्फोटात वयाच्या बत्तिशीत मेला. त्याच वर्षी जानेवारीत डे राइप आगीत भस्मसात झाले होते. एका बाजूला लाकडाची घरे आणि हेम्पची कोठारे, दुसऱ्या बाजूला कडाक्याची थंडी. गावाचा बहुतेक भाग आणि चर्च जळाले, पण नगरभवन वाचले. काल पाहिलेली बहुतेक जुनी घरे त्या आगीनंतरची आहेत, हे तेव्हा नीट ध्यानात आले.

परतताना पाऊस आणि समोरून वारा, असे दोन्ही गाठले. झाडांच्या रांगा आडोसा देतील असे वाटते. त्या काही देत नाहीत. चिंब होऊन पोहोचलो, तर घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या आणि समोरच्या घरावरचा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता. ४ मे हा या देशात दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या युद्धांत मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. “कपडे बदलून या, आठ वाजता सगळे जमतात,” असे त्या म्हणाल्या. आम्ही गेलो. गावातले म्हातारे, सायकली हातात धरलेले तरुण, बाबागाडीतली मुले असे सगळे जमले होते. बिगुल वाजला, आठ वाजता सगळे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले, मग राष्ट्रगीत झाले आणि फुले वाहिली. भाषण छोटे होते. नंतर कॉफी. कुणीतरी बाबांना विचारले, की तुमच्याकडे असा दिवस असतो का, आणि बाबा बराच वेळ विचार करून हुतात्मा चौकाबद्दल आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या १०६ जणांबद्दल सांगत राहिले.

सायकलींविषयी

उत्तर हॉलंडमध्ये नकाशा हातात धरून फिरायची गरज नाही. चौकाचौकांत क्रमांकांचे छोटे फलक असतात. आपल्याला ज्या क्रमांकांवरून जायचे ते सकाळी कागदावर लिहून घ्यावे आणि एकामागून एक गाठत जावे. वाऱ्याची दिशा आधी पाहावी, जाताना समोरून आणि येताना पाठीमागून वारा असेल असा बेत करावा. पावसाची विजार सोबत असावीच; छत्रीचा या वाऱ्यात काही उपयोग नाही.

रविवार : गिरणीवाला आणि रंगीत काचा

सकाळी ऊन पडले होते. दुसऱ्या बाजूची स्खेर्मर ही जमीन १६३५ साली कोरडी झाली. तिथे ५२ पवनचक्क्या होत्या आणि त्यांतल्या ११ आजही उभ्या आहेत. बेमस्टरमधल्या पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्क्यांपैकी एकही राहिलेली नाही, त्यामुळे टप्प्याटप्प्याने पाणी कसे उचलत हे समजून घ्यायला स्खेर्मरहोर्नला जावे लागते. तिथल्या एका चक्कीत संग्रहालय आहे. गिरणीवाल्याचे कुटुंब तिच्या पोटातच राहत असे. आतली झोपायची कपाटे इतकी आखूड आहेत, की माणसे अर्धवट बसूनच झोपत. मधोमध फिरणारा लाकडी दांडा, एका बाजूला चूल, एका बाजूला मुले.

या भागातल्या चक्क्यांचे वैशिष्ट्य असे, की वाऱ्याकडे पाती वळवण्यासाठी बाहेरून शेपूट ओढत नाहीत; माथ्याची टोपी आतूनच, चक्राने फिरवतात. तरुण गिरणीवाल्याने ते चक्र बाबांना धरायला दिले. टोपी बोटभर सरकली असेल, पण बाबांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते. खाली लाकडी मळसूत्र पाणी वर ढकलत होते. बाबांनी गिरणीवाल्याला विचारले, की वारा पडला तर काय करायचे. तो म्हणाला, “थांबायचे. आणि तो पडायच्या आधी जास्तीचे उपसून ठेवायचे. सगळी कला तेवढीच.” आज हे काम विजेवरचे पंप करतात, ही चक्की केवळ चालती ठेवली आहे.

दुपारी डे राइपला परतून चर्च पाहिले. १६५४ च्या आगीनंतर ते पुन्हा उभारले गेले, तेव्हा त्याच्या खिडक्यांसाठी इतर शहरांनी आणि संस्थांनी रंगीत काचा भेट दिल्या. प्रोटेस्टंट चर्च म्हटले की पांढऱ्या भिंती आणि मोकळेपणा अपेक्षित असतो. इथे उन्हाने फरशीवर निळे-पिवळे चौकोन पडले होते. संत किंवा चमत्कार यांच्यापेक्षा शहरांची चिन्हे, होड्या आणि नावे यांची गर्दी जास्त. देणाऱ्याचे नाव ठळक लिहायची रीत आपल्याकडच्या देवळांच्या पायऱ्यांवर दिसते तशीच.

बसच्या वाटेवर बाबा पुन्हा लेखवाटरकडे वळले. १६४१ साली त्याने हार्लेमरमेर हे बेमस्टरहूनही मोठे तळे १६० पवनचक्क्यांनी उपसण्याची योजना छापली. ते झाले दोनशे वर्षांनी, १८४९ ते १८५२ दरम्यान, आणि चक्क्यांऐवजी वाफेच्या तीन पंपांनी. त्यांतल्या एकाला त्याचेच नाव दिले गेले. बाबा ज्या स्खिपोल विमानतळावर उतरले तो त्या तळ्याच्या तळाशी आहे. तीन पंपांपैकी क्रुकियस नावाचा आज संग्रहालय म्हणून जपला आहे. त्याच्या इंजिनाच्या मोठ्या सिलिंडरचा व्यास १४४ इंच आहे, हे बाबांनी मोबाइलवर शोधून मला दोनदा वाचून दाखवले. पुढच्या शनिवारी तिकडे जायचे ठरले आहे. हार्लेमहून ते जवळ आहे, आणि या वेळी विजेची सायकल मी घेणार आहे.